पोले

ठमीच्या पोटातलं या खेपेला टिकलं होतं आणि ते बुधीच्या हातगुणानं टिकलं होतं, यावर पाड्यात दुमत नव्हतं. आधीची दोन, पोट दिसायच्या आतच, गेली होती. यंदा थंडी सरता सरता ठमीचं पोट चांगलं वर आलं आणि तिचा नवरा लडकू तिच्या डोक्यावरचा हंडा काढून घेऊन स्वतः पाण्याला जायला लागला. लोक हसायचे. शिद्द्यांचा लडकू बायकोचं पाणी भरतो, म्हणायचे. तो त्यांना हसू द्यायचा.

बुधी म्हणजे लडकूची आई. एक दिवसाआड ती सुनेला घेऊन माईच्या रानात जायची. सिद्धगडाच्या डोंगरातून नाला जिथं खाली येतो, तिथं पाड्याच्या वरच्या अंगाला झाडांचा एक दाट तुकडा होता. आत गेलं की भर दुपारी गार वाटायचं. ऐन, हेद, उंबर, आणि खाली पायाची बोटं बुडतील इतका पाला. या पाल्याखाली एक कडू कंद यायचा. पाड्यातले लोक त्याला माईचा कांदा म्हणत. तापाला तोच आणि बाईचं पोट राखायलाही तोच.

बुधी खाली बसायची. पाला दोन्ही हातांनी बाजूला सारायची. उघड्या झालेल्या मातीवर तळवा टेकायची आणि म्हणायची, "पोले."

मग खैराच्या काठीनं उकरायची. त्या रानात लोखंड लावायचं नाही, हा तिचा नेम होता. मधला मोठा कांदा ती माय, तिला हात लावायचा नाही. तिच्या अंगाची पिल्लं तेवढी काढायची. मग खड्डा बुजवायचा, लोटाभर पाणी घालायचं आणि पाला होता तसा पसरायचा.

"आये, दोन कांद्यांसाठी किती गो हा सोपस्कार!" ठमी एकदा कंबर धरून म्हणाली.

"तुझ्या पोटाला हात लावताना मी पोले म्हनते का नाय?"

"म्हनते."

"मग हिला नको म्हनू? हिच्या अंगावरचा पांघरून मी काढला. परत घालाया नको?"

ठमी हसली. ती ठाकराची पोर, रानातच वाढलेली. पण रानाशी असं बोलणारं माणूस तिनं सासरीच पाहिलं.

बुधीच्या घराण्याची हकीगत पाड्यात सगळ्यांना ठाऊक होती आणि धड कुणालाच ठाऊक नव्हती. तिची आजी पोरवयात गलबतातून आली. समुद्रापलीकडून, हबशांच्या मुलखातून. याहून जास्त आजीला स्वतःलाच सांगता यायचं नाही. जंजिऱ्याकडे कुणाच्या तरी घरी राबली, मार खाऊन पळाली, लाकडाच्या गाड्यांमागून चालत या डोंगरात आली आणि इथंच राहिली. काळी कुळकुळीत, केस गुंजांसारखे गच्च वळलेले. आधी लोक भ्याले. मग कुणाचं तरी पोर तिनं तापातून उठवलं आणि लोक तिला माई म्हणायला लागले. ती मेली तेव्हा नाल्याकाठच्या रानात तिला माती दिली. तेव्हापासून ते माईचं रान. दर गुरुवारी बुधी तिथं लोबान जाळायची आणि पाड्यातल्या बायका नारळ ठेवून जायच्या.

या घरातल्यांची नावं इकडची झाली, बोलणं इकडचं झालं. माईची सगळी भाषा वाटेत सांडली. शिल्लक राहिला तो हा एक शब्द. पोले म्हणजे हळू, सावकाश. आणि पोले म्हणजे तुझं दुखतंय ते मला कळतंय. बुधी तो मातीला म्हणायची, आजाऱ्याला म्हणायची, अडलेल्या गाईला म्हणायची. ताप आलेल्या माणसाकडे गेली की ती आधी त्याच्या घरामागं जाऊन डबकं बघायची आणि घरच्यांकडून ते बुजवून घ्यायची. मग विचारायची, झोपतोस कुठं, खातोस काय, भांडलास कुणाशी. सगळं ऐकून घेऊन शेवटी कपाळावर हात ठेवायची, "पोले, पोले."

पण या भागात लोकांची जीभ ळ ला वळत नाही. काळा तो काला, होळी ती होली, आणि भाजलं की पोळलं नव्हे, पोललं. तेव्हा पोले म्हटलं की लोकांच्या कानाला काय ऐकू येणार ते उघड आहे. लडकू लहान असताना गुरांमागची पोरं त्याच्याभोवती नाचायची. पोले पोले, लडकू चुलीत पोलला, म्हणून काला झाला. एक दिवस त्याला ते सहन होईना. आपल्या घरात कुणाला न कळणारी भाषा आहे याचीच त्याला लाज वाटली. तो गोजरला, त्यातल्या त्यात जवळच्या दोस्ताला, म्हणाला, "माझी आय येडी नाय काय. ताप पोलतो ना अंगाला, म्हनून ती पोले बोलते." गोजरला ते पटलं. त्यानं इतरांना सांगितलं. चिडवणं थांबलं आणि बुधीचा शब्द पाड्याच्या लेखी साधा मराठी होऊन गेला.

जर्मनीशी चाललेल्या लढाईचं तिसरं-चौथं वर्ष चालू होतं. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर धावायला लागल्या होत्या आणि तो कोळसा डोंगरातून जात होता. किन्हवलीकडचा देवराम मुकादम त्या हंगामात नाल्याच्या खालच्या अंगाला भट्ट्या लावून बसला होता. लडकू त्याच्याकडे भट्टीवर होता आणि या कामात त्याच्यासारखा माणूस नव्हता. ओंडके उभे रचायचे, वर पाला, पाल्यावर ओली माती, बाजूला धुराची भोकं. पांढरा धूर निळा झाला की भोकं बुजवायची. कुठं माती खचली तर आत वारा शिरून लाकडाची राख होते, म्हणून तापलेल्या ढिगावर चढून तिथं माती दाबायची. लडकूच्या तळव्यांची कातडी जाड होऊन चिरली होती. संध्याकाळी तो नाल्यात पाय सोडून बसायचा तेव्हा चिरांमधून काळं पाणी निघायचं.

"लडक्या, तुझा बरा हाय," देवराम म्हणायचा. "आंगोल केली काय, नि नाय केली काय."

सगळी माणसं हसायची. लडकूही हसायचा. घरी ठमीला ते कधी सांगायचा नाही.

देवराम तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्यावरही मालक होता आणि मालकाला शिमग्यानंतर आणखी चार भट्ट्या हव्या होत्या. पण भट्टीच्या आसपासचं लाकूड संपलं होतं. एक दिवस तो गोजरच्या ओटीवर येऊन बसला. गोजर आता पाड्यातला कर्ता कुणबी होता; त्याचा शब्द चालायचा.

"ते वरचं रान ठेवून काय करता?" देवराम म्हणाला. "परवानगी आनली हाय मी. पाड्यातल्या समद्यांना पावसापातूर काम भेटंल. नायतर मी चाललो दुसरीकडं."

गोजरनं चंची सोडली, सुपारी कातरली. "माई हाय तिथं. आमी हात नाय लावनार. बुधीमायला विचार. ती बोल्ली तर बघू."

देवराम बुधीच्या अंगणात आला. मागोमाग अर्धा पाडा आला. बुधी ठमीच्या पायांना तेल चोळत होती. ती उठली नाही.

"झाडं तोडलीस तर ऊन खाली येईल," ती म्हणाली. "ऊन आला का कांदा मेला. मग ह्यांच्या पोरांना तापात काय पाजू? तुझा कोलसा?"

लोक हसले. देवरामही हसला; पण जाताना त्यानं मागं वळून रानाकडं पाहिलं.

त्या फाल्गुनात ताप वाढला. मुरबाडच्या दवाखान्यात हिवतापावरचं कोयनेल नव्हतं. सगळं लढाईवर जातंय असं लोक म्हणत. जो तो बुधीकडे यायचा. ती घरोघर फिरायची, काढा पाजायची, डबकी बुजवायला लावायची. नुसता काढा द्या आणि जा, असं म्हणणाऱ्याला तिच्या तोंडचं ऐकून घ्यावं लागायचं. "घरामागचा पानी घान, नि पोराचा रगत सुधार म्हनतोस?" फिरता फिरता तिलाच थंडी वाजून ताप भरला. अंगावर घोंगडी टाकली तरी दात वाजत होते. ठमी एवढं पोट घेऊन तिच्याजवळ बसून राहायची. घरातला काढा बुधीनं शेजारपाजारी वाटून टाकला होता. लडकूनं रानातून कांदा आणतो म्हटलं तर ती म्हणाली, "तू नको. तुझा हात घाईचा हाय. मी उठले का आनीन." आणि त्यानंतर ती शुद्धीवर राहिली नाही.

शिमगा आला. पाड्याच्या मधोमध होळी रचली होती. दिवस कलायच्या आत गोजर आणि पाचपन्नास माणसं लडकूच्या अंगणात येऊन उभी राहिली. लोकांच्या बोलण्यात वेगळंच काही शिरलं होतं. घरोघर ताप आहे, खुद्द बुधीमाय पडली, म्हणजे माईचंच काही मागणं आहे. उद्या देवराम चालला, तेव्हा काय ते आज विचारून घ्यावं. तापात माई बुधीच्या तोंडून बोलेल, अशी एका म्हातारीची खात्री होती.

गोजर आत आला, चटईजवळ उकिडवा बसला. "बुधीमाय, माईचा काय म्हनना हाय? रानाचा काय करू?"

बुधीनं डोळे उघडले. डोळे लाल होते. गोजरच्या कमरेला आकडी होती आणि आकडीत कोयता. तो तिला दिसला असावा. तिचा हात घोंगडीबाहेर आला, वर रानाकडे गेला.

"रानाला," ती म्हणाली. "रानाला पोले रे. पोले. माज्या माईला पोले."

गोजरनं हात जोडून कपाळाला लावले.

"आयकला?" तो बाहेर येऊन म्हणाला. "माई होली मागते."

"नाय!" लडकू धडपडत बाहेर आला. "पोले म्हनजे पोलवा नाय. पोले म्हनजे हलू. सावकाश. रानाला जपा म्हनते ती!"

गोजरनं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं. "लडकू, आपून गुरांमागं होतो तवा तूच बोल्ला होतास मला. ताप पोलतो म्हनून आय पोले बोलते."

"तवा मी खोटा बोल्लो."

"तवा खोटा का आता खोटा?"

"गोजर, आपली भाषा नाय ती. माईची भाषा हाय. तिकडची."

"मग बोल ना. अजून बोल काय तरी त्या भाषेत."

लडकूनं तोंड उघडलं. त्याच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. एका शब्दाची भाषा कोण मानणार? मागून कुणीतरी म्हणालं, बायकोच्या कांद्यासाठी चाललंय हे सगळं. कुणीतरी म्हणालं, तो तरी काय करेल. मग होळीकडे ढोल वाजला आणि माणसं वळली.

लडकूनं कुदळ उचलली आणि तो रानाकडे पळाला. लोखंड न्यायचं नाही हे त्याला आठवलं, पण खैराच्या काठीनं उकरायला आता वेळ कुठं होता? पाला त्यानं पायानं उडवला आणि दिसेल तिथं घाव घातला. घाई म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. माय कुठली, पिल्लू कुठलं, काही कळेना. कुदळीखाली कांदे फुटत होते, पांढरा चीक उडत होता. त्यानं ते धोतराच्या सोग्यात भरले. खालून माणसं होळीतल्या पेटत्या फांद्या घेऊन वर येत होती, बोंबा मारत, नाचत. बायकांनी ओंजळीत हळदकुंकू आणलं होतं. इतक्या वर्षांचा वाळका पाला. पहिल्या फांदीलाच त्यानं पेट घेतला. लडकू नाल्यातून खाली उतरला तेव्हा त्याच्या पाठीला धग लागत होती.

दुसऱ्या दिवसापासून काळ्या झालेल्या बुंध्यांवर कुऱ्हाडी पडायला लागल्या. देवरामनं पाड्यातल्या सगळ्यांना कामावर घेतलं, दिलेला शब्द पाळला. लडकूही गेला. घरात आजारी आई, पोटुशी बायको आणि पोटातलं तिसरं. न जाऊन करणार काय? उंबराचं लाकूड कोळशाला हलकं म्हणून बाजूला टाकलं होतं, ते तिथंच धुमसत होतं. ऐन आणि हेद त्यानं स्वतःच्या हातांनी भट्टीत उभे केले, वर माती लिंपली, आणि धूर निळा व्हायची वाट बघत बसला.

काढा बुधीशिवाय घरात कुणाला करता येत नव्हता; तिचा ताप आपोआप उतरला. एका सकाळी ती भिंतीला टेकून बसली आणि नाक वर करून म्हणाली, "शेतात राब भाजतात काय?"

"हां," लडकू म्हणाला.

"ह्या राबाला उंबराचा वास येतो."

कोपऱ्यात ठमी पडली होती. आदल्या रात्रीपासून तिलाही थंडी वाजत होती. बुधी सरकत सरकत तिच्यापाशी गेली. कपाळाला हात लावला, पोटाला लावला, बराच वेळ तसाच ठेवला.

"चल, मला धर. कांदा आनू."

"घरात हाय," लडकू म्हणाला आणि टोपली पुढं केली.

बुधीनं एक कांदा उचलला. तो अर्धा चिरलेला होता आणि चिरीच्या कडा काळ्या पडून मऊ झाल्या होत्या. तिनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. वास घेतला.

"ह्याला लोखंड लागलाय." मग एक मोठा कांदा हाताला लागला तेव्हा ती थांबली. "माय बी काढलीस? लडकू, काय झाला?"

त्यानं सांगितलं. सांगताना त्याला आईकडे बघवेना, म्हणून तो टोपलीकडे बघून बोलला. गुरांमागचं ते खोटंही त्यानं सांगितलं. बुधीनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. तिनं काठी मागितली.

रानापर्यंतची वाट ती बसत उठत चालली. वर पोहोचली तेव्हा तिला आधी ओळखच पटेना. आभाळ थेट खाली आलं होतं. माती लाल-काळी, वरून राख, आणि राखेत तोडलेल्या बुंध्यांची उरलेली ठाणकी. माईच्या थडग्यावरचे दगड तडकले होते. गोजरची बायको अंबूबाई तिथं फांद्या गोळा करत होती. बुधीला बघून ती धावत आली, पाया पडली.

बुधी खाली बसली. जिथं कांदे असायचे त्या जागेवर तिनं तळवा टेकला आणि म्हणाली, "पोले. पोले."

"हाव गो माय," अंबूबाई मायेनं म्हणाली. "पोलला. समदा पोलला. तू बोल्लीस तसाच केला."

बुधीनं तिच्याकडं पाहिलं. बोलायला तिनं तोंड उघडलंही. पण अंबूबाईच्या तोंडावर इतकं समाधान होतं की बुधीच्या जिभेवर काही येईना. ती काठीला धरून उठली आणि घरी आली.

कुजलेल्या कांद्यांतले चांगले तुकडे तिनं वेगळे काढले आणि काढा केला. मडक्यात थोडाच निघाला. ठमीला दिला तेव्हा घाम फुटला, ताप उतरला, पोटातलं हललं. ठमीनं लडकूचा हात धरून तिथं ठेवला. तो हसला; यंदा बहुतेक पहिल्यांदाच तो स्वतःसाठी हसला. उरलेली पिल्लं त्यानं घरामागं सावलीत लावली, लोटा लोटा पाणी घातलं. रोज जाऊन बघायचा. माती तशीच सपाट असायची.

ताप पुन्हा आला, आधीपेक्षा जोरात. मडक्यात तळाशी दोन वेळचा काढा राहिला होता त्या दिवशी गोजर दारात उभा राहिला. खांद्यावर त्याची धाकटी लेक. पोरीचे डोळे पांढरे झाले होते.

"बुधीमाय, कांदा दे गो. लवकर."

लडकू उंबऱ्यावर आडवा आला. "कांदा? रानात जा. जा ना, काढ तुझ्या होलीतून!"

गोजर तसाच उभा राहिला, पोर खांद्यावरून घसरत होती तिला वर सरकवत. बुधीनं मडकं उचललं. लडकूनं तिचं मनगट धरलं.

"आये, ठमीचा हाय तो."

"सोड."

"आये, नको!"

"पोले, लडकू," बुधी म्हणाली. "पोले."

त्याचा हात सुटला. तिनं अर्धा काढा पोरीच्या तोंडात थेंब थेंब घातला आणि अर्धा ठमीच्या. दोघींनाही तो पुरता नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

गोजरची पोर वाचली. तिला मुळात ताप किती होता, देव जाणे. लडकू मुरबाडला चालत गेला, दवाखान्याच्या ओट्यावर माणसांच्या मागं बसून राहिला आणि बाटलीत गुलाबी पाणी घेऊन आला. बुधीनं ते पाजलं. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, नाचणीची आंबील भरवली, घरात ऊन येऊ नये म्हणून दाराला पळसाच्या पानांचा आडोसा बांधला. तिला जे जे येत होतं ते सगळं केलं. कांदा तेवढा नव्हता. ऐन उन्हाळ्यात, भट्टीतला माल गाड्यांवर चढत होता त्या दुपारी, ठमीचं पोट रिकामं झालं. मुलगा होता. तो रडला नाही. ठमीनं त्याला बघायला मागितलं. बुधीनं तिच्या कुशीत दिला आणि कपाळावर हात ठेवून बसून राहिली. दिवस मावळायच्या आत ठमीही गेली.

त्या घरात माती देतात, म्हणून माईच्या थडग्याशेजारी खड्डा खणायचं ठरलं. गोजर आपली कुदळ घेऊन न बोलावता आला. बुधी एका ठाणक्यावर बसली होती. तिच्यापाशी मायलेकरं एकाच कापडात गुंडाळून ठेवली होती.

एकेकाळी पाऊल टाकलं की बुडायचं अशा त्या जमिनीवर आता पाय आपटला तर टणटण वाजत होतं. लडकूनं हातानं राख बाजूला सारली. बरीच सारावी लागली. मग उघड्या मातीवर त्यानं तळवा टेकला. तो शब्द त्यानं लोकांना समजावून सांगितला होता, पण आयुष्यात कधी आपणहून कुणाला म्हटला नव्हता.

"पोले," तो म्हणाला.

गोजर दचकून मागं सरला. "अजून पोलते काय?"

गोजर खाली वाकला, त्यानं आपलाही तळवा लडकूच्या हाताशेजारी मातीवर ठेवला, थोडा वेळ दाबून पाहिला.

"नाय रे," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "पार गार हाय. खन तू."

लडकूनं आईकडं पाहिलं. ती खाली बघत होती. त्यानं कुदळ उचलली.